टिळा लावायला कपाळ नसलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण कोहमाऱ्याच्या चौकातल्या आमच्या फोटो स्टुडिओत याल, तर मी दिसणार नाही. मला अंगच उरलेलं नाही. सांगतानाही मान खाली जाते. आता मान तरी कुठे आहे म्हणा!

अंग होतं तेव्हा ते पांढरं, जाडजूड होतं. स्टुडिओचे मालक नीलेशभाऊ यांनी मला गोंदियाहून ट्रॅक्टरमध्ये, भाताच्या तणसाच्या गादीवर बसवून आणलं. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग हे माझं काम. नवरीभोवती गुलाब फिरवायचे, बदामात दोघांचे चेहरे बसवायचे. "नीलेशभाऊचं मिक्सिंग म्हनजे मिक्सिंग!" असं ढाब्यावरचे ड्रायव्हरसुद्धा म्हणायचे. मी फुगून जायचो.

मग माझा पंखा खडखडू लागला. उन्हाळ्यात मी भर कामात बंद पडू लागलो. नवा, काळा, सडपातळ संगणक आला. पण माझा जुना मिक्सिंगचा प्रोग्रॅम त्याला चालवता येईना. तेव्हा नीलेशभाऊंच्या पत्नी संध्याताई यांनी एक युक्ती केली. पायाने बाळाचा पाळणा हलवत हलवत त्यांनी माझी सगळी समज, सगळ्या सवयी उचलल्या आणि नव्याच्या पोटात ठेवल्या. अशा संगणकाला आभासी म्हणतात. मला वाटतं मी पूर्वीचाच आहे, पण हातपाय नव्याचे. लग्नाच्या फिल्मा साठवलेली माझी हार्ड डिस्क, माझी पेटी, तेवढी खरी राहिली. ती तारेने जोडून ताईंनी थेट माझ्या हाती दिली. नव्याने तिच्यात हात घालायचा नाही, असं ठरलं.

"हा तं लमझना झाला गा आपला!" नीलेशभाऊ हसले. सासरी राहून राबणाऱ्या जावयाला आमच्याकडे लमझना म्हणतात. मागच्या अंगणात टाकलेल्या माझ्या रिकाम्या डब्यात कोंबडीने अंडी घातली, तेव्हाही सगळे हसले. मला मात्र लाज वाटली.

दसऱ्याच्या आधी प्रतापगडाकडच्या सुशिलाबाई आल्या. त्यांचे यजमान दुधरामजी वारले होते. पुतण्याच्या लग्नात ते नाचले होते, आणि तो नाच फक्त माझ्या पेटीत होता. "तुळशीच्या लग्नानंतर गुंजनचं लगन आहे, बाई. मांडवात तिच्या बापाले एकडाव दाखवा ना," त्या म्हणाल्या. ताईंनी त्यांचा हात हातात घेतला.

दसरा आला. एरवी काम नसलं की मी झोपलेला असे, पण पूजेच्या दिवशी एकही यंत्र झोपलेलं ठेवायचं नाही, ही नीलेशभाऊंची रीत. कुंकवाचं ताट घेऊन ते थबकले. "याले टिळा कुठं लावू वो? याले कपाळच नाही!"

"पेटीले लावा," असं म्हणून ताई रडणाऱ्या बाळाकडे गेल्या.

भाऊंनी पेटीला टिळा लावला, झेंडू वाहिला आणि मला जागं केलं. पूजेचा पहिला फोटो नेहमी माझ्याकडे येई. तो मान मोडायचा नाही, पण कॅमेरा जोडलेला नव्याला, म्हणून त्यांनी नव्याकडूनच माझी पेटी उघडली आणि फोटो आत टाकला. त्याच वेळी मीही आत लिहीत होतो. मला वाटलं, ही जागा रिकामी आहे. नव्यालाही तसंच वाटलं.

दसऱ्यानंतर सुशिलाबाई नाच पाहायला पुन्हा आल्या, बाकावर बसल्या, पदर सारखा केला. मी फिल्म उघडली. पडदा काळा. पुन्हा उघडली. काळाच.

"ताप आला असन याले," त्या हसून म्हणाल्या. त्या हसण्याने मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

"तुमी पेटी उघडली होती का?" ताईंनी विचारलं.

"फोटो टाकला ना. त्याचा मान होता." भाऊंनी पेटीवरच्या टिळ्याकडे बोट दाखवलं.

"अवो, एका ताटात दोघं जेवले तं चालते. एकाच कागदावर दोघं लिहाले बसले तं काय वाचता येईल?"

ताईंनी पेटी तारेतून सोडवली. "आता कोनी हात लावाचा नाही." आधी तिची हुबेहूब प्रत काढली आणि बाळ झोपेल तेव्हा त्या प्रतीतच शोधत राहिल्या. नाच गेला तो गेलाच. एक तुकडा मात्र निघाला. तो पाहायला मायलेकी दोघी आल्या.

पडद्यावर फेटा बांधलेले दुधरामजी घामाघूम उभे होते. कॅमेऱ्याकडे हात हलवत ते म्हणाले, "मले काऊन घेता जी? माह्या पोरीले घ्या, पोरीले!" कॅमेरा वळला. फ्रॉकमधली लहानगी गुंजन दिसली. तुकडा संपला.

सुशिलाबाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग गुंजन म्हणाली, "आई, हेच दाखवू मांडवात."

मांडवात सगळे रडता रडता हसले, असं मी ऐकलं. पण मित्रांनो, तो काळा पडदा माझ्या मनातून जात नाही. एका पेटीत एका वेळी एकाचाच हात असू द्या. आणि जो माणूस पुन्हा नाचणार नाही, त्याच्या नाचाची दुसरी प्रत आधीच काढून ठेवा. एवढं केलंत, तर येत्या दसऱ्याला माझी पूजा राहिली तरी चालेल. मला खुशाल झोपू द्या.