डावीकडे ओढणारी जॉयस्टिक

मी एक जुनी जॉयस्टिक आहे. मित्रांनो, ज्यांनी मला कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरवर विमान उडवायला जी दांडी हातात धरतात, ती मी. सध्या मी कासुर्डीत, गेणबा आबांच्या खाटेखालच्या पाटीत पडून असते. शेजारी मेंढरं कातरायची कातर आणि एक विरलेली घोंगडी आहे. दोघी स्वभावाने भल्या आहेत. काम संपलं म्हणून त्या निवांत झाल्या. माझं काम संपलेलं नाही. मला दगा देऊन इथं टाकलंय आणि ते मी विसरणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. शिक्रापूरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मी धूळ खात पडले होते. तिथून मला रुपालीने उचललं. रुपाली ही आबांची नात, शिक्रापूरलाच कंपनीत कामाला जाते. माझं बूड मोडलेलं होतं. तिने बाभळीची फळी तासून मला तिच्यावर स्क्रूने घट्ट बसवलं आणि म्हणाली, "आता हलून दाव बरं!" त्या दिवसापासून मी तिची झाले. वेडी होते मी.

आबांचं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाआधी परत यायचं. एका वर्षी वरंधा घाटाखालच्या मुक्कामावर त्यांची बायको, गिताबाई, तापाने गेली. तिला तिथंच माळावर माती दिली. पुढे आबांचे गुडघे गेले, मेंढरं विकली आणि ती वाट सुटली. "रूपे, येकदा वरनं तरी दाव मला ती जागा," आबा म्हणाले आणि रुपालीने शब्द दिला. मी समोरच होते.

रुपालीच्या लॅपटॉपवरच्या विमानाच्या खेळात खरेखुरे डोंगर-घाट दिसायचे. आता विमान कोणतं निवडायचं? रुपालीचं मन मोठ्या जेटवर बसलं होतं. आबा मात्र पडद्याजवळ सरकले आणि बाजारात मेंढा पारखावा तसं एकेक विमान पारखू लागले. आधी पाय, मग पोट, मग तोंड. जेट बघून त्यांनी मान हलवली. "ह्याला पळाया अख्खा तालुका लागंल. आन् खालचं काय दिसायचं?" दुसऱ्या एका विमानाचे पंख खिडकीच्या खाली होते. "पंखानं समदी वाट झाकली की!" शेवटी ते एका छोट्या विमानापाशी थांबले. त्याचे पंख छतावर, चाकं जाडजूड. दूरच्या डोंगरी गावांत माणसं, धान्य, औषधं पोचवणारं आणि गवताच्या माळावरही उतरणारं ते विमान होतं.

"हे घे. मेंढरामागं हेच चालंल."

"आबा, लय हळू हाय ते."

"मंग तुला कसली घाई हाय?"

रुपाली हसली आणि तेच घेतलं. नवी गाडी घरी आली की तिला भंडारा लावायचा, ही त्या घरची रीत. आबांनी कमरेची पिशवी सोडली. लॅपटॉपला चिमूटभर आणि मला मूठभर भंडारा मिळाला. मान मोठा होता, पण ती हळद माझ्या सांध्यात जाऊन बसली आणि मी किंचित डावीकडे ओढू लागले. रुपालीला ते चांगलं ठाऊक होतं. ती मला जरा उजवीकडे दाबून धरायची. आमचं कधी काही अडलं नाही.

आबांची अट एकच होती, रोज एकच मुक्काम. "मेंढरं येका दिसात दोन मुक्काम चालत न्हाईत." म्हणून रुपाली कामावरून आली की आम्ही थोडंसंच उडायचो. भुलेश्वरचा डोंगर ओलांडून पहिल्यांदा जेजुरीजवळ उतरलो, मग पुढचा माळ, मग त्याच्या पुढचा. पडद्यावर नुसतं हिरवं-तपकिरी रान असायचं, पण आबांना त्यात विहिरी दिसायच्या, ओळखीचे शेतकरी दिसायचे. रुपाली माझ्यावरून हात फिरवून म्हणायची, "लय गुणाची हाय ही." असं करत आम्ही भोर मागे टाकून घाटाच्या माथ्यावर पोचलो. शेवटचा मुक्काम तेवढा राहिला. तो रविवारी करायचं ठरलं.

रविवारी आबा धुतलेला पटका बांधून, भंडाऱ्याची पिशवी मुठीत धरून बसले. तेवढ्यात रुपालीच्या कंपनीतल्या मैत्रिणी आल्या. त्यातली शितल पडद्याकडे बघून म्हणाली, "अगं, हे विमान हाय का टमटम?" सगळ्या खिदळल्या. रुपालीचे कान लाल झाले. तिने आमचं विमान बाजूला सारलं आणि जेट निवडलं.

"आबा, ह्याच्यात लवकर पोचू," ती म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता.

जेट ढगांच्या वर गेलं. खाली नुसतं पांढरं.

"रूपे, घाट आला का?"

"गेला की, आबा."

"आन् मुक्काम?"

"त्यो बी गेला."

आबांनी मुठीतली भंडाऱ्याची पिशवी परत कमरेला बांधली. मग रुपालीलाच कसंतरी झालं असावं. ती मागे वळली आणि ते धूड माळावर उतरवायला गेली. ते तिथं मावणारच नव्हतं. नाक मातीत घुसलं, पडदा काळा झाला आणि मैत्रिणी पुन्हा हसल्या. आणि माझी रुपाली सगळ्यांसमोर म्हणाली, "ही जॉयस्टिकच बेकार हाय. डावीकडं वढती."

नाचता येईना अंगण वाकडे! मला तोंड असतं तर मी तिथंच भांडले असते. पण बोलले ते आबा. "व्हय पोरींनो, माझंच चुकलं. म्या तिच्यात भंडारा टाकला." रुपालीला खरं माहीत होतं. तरी ती गप्प बसली. माझ्यावरचा आळ मी सोसला असता. आबांनी तो स्वतःवर घेतला आणि तिने घेऊ दिला, हे मला सोसवत नाही.

पुढच्याच आठवड्यात नवी, चकचकीत जॉयस्टिक आली आणि मी पाटीत गेले. गरज सरो, वैद्य मरो. रुपाली आता कानाला हेडफोन लावून जेट उडवते.

परवा संध्याकाळी आबांनी खाटेखाली हात घालून मला वर काढलं. माझी तार खाली लोंबत होती. त्यांनी मला मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले. "रूपे, उतरायचं का गं?" त्यांनी विचारलं. हेडफोनमुळे तिला ऐकू गेलं नाही. मग त्यांनीच मला हळूच पुढे ढकललं. मी माझ्या खोडीप्रमाणे डावीकडे झुकले. आबांनी मला सरळ केलं नाही. "व्हय, डाव्या अंगालाच," ते पुटपुटले. "हितंच हाय ती."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून-झाकून नीट ठेवा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी वेगळं मागते. आपली चूक मुक्या वस्तूच्या माथी मारू नका, कारण एखादं म्हातारं माणूस ती गुपचूप आपल्या डोक्यावर घेतं. आणि कुणाला शब्द देऊन वाटेला लावलं असेल, तर त्याला शेवटच्या मुक्कामाआधी सोडू नका.

तुमच्यापैकी कुणाला रुपाली भेटली, तर तिला एवढं सांगा. ते छोटं विमान अजून लॅपटॉपमध्येच आहे. माझी तार शाबूत आहे. आबाही अजून आहेत.