मटणाच्या रकान्यातला एडका

मित्रांनो, मी एक म्हातारा एडका हाय. सांगोल्याचा. तरणा हुतो तवा माझ्या एका टकरीनं कुर्डुवाडीला उभी मालगाडी पार माढ्यापतुर गेली. खोटं वाटत आसंल तर जाऊन बघा, आजून तितंच हाय.

मागच्या झेडपीच्या इलेक्शनला अभिमन्यूराव उभारले. लोकांनी प्रचाराला वर्गणी दिली. रावांनी दारात सोताचा फोटू लावलेला पाण्याचा टँकर उभा केला. "भरल्याला हाय, निकाल लागला की सोडतो," म्हणायचे. पण गावात निघाले की बाया घागरी घिऊन गराडा घालायच्या, "आजच सोडा की! का रिकामाच हाय?" रावांना घाम फुटायचा. मग त्याच वर्गणीतनं अंगरक्षक घ्यायचं ठरलं. पुण्याचे बाऊन्सर लई म्हाग. शेवटी माझा मालक धुळाप्पा यानं मला भाड्यानं दिला. शिंगांना झेंडू, डोळ्यावर काळा गॉगल! बाया धा हात लांब. राव पाठीवर थाप मारायचे, "ह्यो माझा वाघ!" मीबी फुगलो.

पण खर्चाच्या वहीत एडका-अंगरक्षकाला रकानाच नव्हता. मुकुंद कारकुनानं डोकं लावून लिवलं, 'कार्यकर्त्यांचं जेवण, मटण, एडका एक.'

आन इलेक्शन हापिसातनं खर्चाच्या तपासणीला सरोजिनी म्याडम रावांच्या दारात आल्या. वही बघितली, मग मला बघितलं.

"हा एडका तुम्ही खाल्लाय ना? मग हा कोण उभाय?"

मुकुंद चाचरला, "त्यो... संध्याकाळच्या पंगतीचा."

राव हळूच म्हणाले, "धुळाप्पा, सुरा आण."

घ्या! सकाळचा वाघ दुपारी रस्सा.

धुळाप्पा वरडला, "आवो, भाड्यानं दिलाय! तुमाला राखायला!"

"राखायला? कुणापासून?" म्याडम म्हणाल्या.

"मतदारांपासनं की!"

रावांनी वही हिसकली, ती खाली पडली. उचलायला वाकले. एडक्याकडं पाठ करून वाकू न्हाय, हे आमच्याकडं शेंबडं पोरबी जाणतंय. मी चार पावलं मागं सरलो.

राव उडाले ते झाकण उघडून थेट टँकरात! आतनं घुमल्याला आवाज आला, "आरं, ह्यात टिपूसबी न्हाय!"

घागरी घिऊन जमलेल्या बाया म्हणाल्या, "मग इतके दीस आमी काय वरडतुय?"

म्याडमनी माझं मटण खोडलं. "वर्गणी प्रचाराची आहे. राखण हवी तर स्वतःच्या खिशातून करा," म्हणाल्या.

आता दात पडले, शिंगं झिजली. धुळाप्पा मऊ पाला आणून घालतो. एकच मागणं हाय, मित्रांनो. तुमची राखण करणाऱ्याला जीव लावा. आन वहीत त्याचं काम लिवा, चव नगं.