गुबऱ्याचं औषध

औषध पाजण्यात गुबऱ्याच्या आईचा हात कुणी धरला नसता. ती गणवेशांच्या कारखान्यात कापड कापायची, मापाला इतकी पक्की की सुताचाही फरक चालायचा नाही. औषधाचंही तसंच. बाळाचे हात दुपट्यात गुंडाळायचे, डोकं कोपरात धरायचं, गाल दाबून चमचा आत सारायचा आणि घोट उतरेपर्यंत नाक चिमटीत धरून ठेवायचं. पोर किंचाळायचं, थुंकायचं. हनुवटीवरून ओघळलेलं ती बोटाने निपटून परत तोंडात घालायची. करते काय बिचारी! पोराच्या जिवावर बेतलं होतं.

अंगावर पीत होता तोवर पोरगा टुणटुणीत होता. गाल असे वर आलेले की सासूबाईंनीच नाव ठेवलं, गुबऱ्या. वरचं खायला लागला आणि कुठे माशी शिंकली कोण जाणे. केळं कुस्करून दिलं, ओकला. सफरचंद उकडून दिलं, ओकला. मग मलूल पडायला लागला, दरदरून घाम, हातपाय गार. गाल बसले, पोट मात्र फुगलं. डॉक्टरीणबाई लहान मुलांच्या, हाताला गुण असलेल्या. त्यांनी आधी उलटीचं औषध दिलं, मग भुकेचं, मग रक्तवाढीचं. सगळी लाल-पिवळी, दाट. तरी पोराचे डोळे पिवळे झाले आणि एके सकाळी झटका आला.

डॉक्टरीणबाईंच्याच इस्पितळात सलाइन लावलं, तोंडाने काही द्यायचं नाही म्हणाले, आणि पोरगा चक्क हसायला लागला! हरखून घरी नेलं. आईने नेमाने औषधं सुरू केली आणि परत तेच. पुन्हा इस्पितळ, पुन्हा बरा. पुन्हा घर, पुन्हा झटका. इतकं झाल्यावर माणसांची डोकी चालायला लागतात, आणि चालली की नको तिकडेच जातात.

"इथे बरा असतो, घरी गेला की बिघडतो," सासूबाई सिस्टरला म्हणाल्या, सून ऐकतेय हे बघूनच. "घरी त्याला भरवतं कोण, एवढं बघा म्हणजे झालं."

बाप ट्रकवर, चार-चार दिवस बाहेर. त्याने फोनवर नुसतं "आई काहीतरी म्हणत होती," एवढं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या अर्ध्या वाक्याने बाईचं काळीज चिरलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "राग मानू नका. सध्या तुम्ही बाळाला काही भरवू नका. सिस्टर देतील. तुम्ही दाराबाहेर बसा."

"माझ्यावर संशय आहे तुमचा?"

"मला काही सुचत नाहीये हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खरंच त्यांचा चेहरा उतरला होता. "एकेक गोष्ट वगळून बघतेय, दुसरं काय करू?"

बसली बाहेर. येणारे-जाणारे तिच्या पायांवरून बादल्या नेत होते, तिला पत्ता नव्हता. आणि तिच्या मनात काय चाललं होतं म्हणाल, तर राग नव्हताच. ती म्हणत होती, असू दे, मीच असू दे. माझ्याच हातात काही खोट असेल, माझ्याच पायगुणाने होत असेल, तर किती बरं! मी उठून कुठेतरी निघून जाईन, पोरगा वाचेल. सगळ्यांनी मिळून आपल्याला दोषी ठरवावं, म्हणून ती बाई मनापासून हात जोडत होती.

सलाइन काढलं. सिस्टरने स्वतः चमच्याने औषधं सुरू केली. आई दाराच्या काचेतून बघत होती, गुबऱ्या तिकडेही तसाच पाय झाडत होता, थुंकत होता. आणि दुसऱ्याच दिवशी घामाने चिंब, मान टाकलेली. धावपळ झाली, पुन्हा सुई, पुन्हा सलाइन. संशय फिटला. सासूबाईंनी मान खाली घातली. पण आईची आस तुटली, कारण आता तिने निघून जाऊनही काही होणार नव्हतं.

त्या दुपारी गुबऱ्याची आत्या डबा घेऊन आली. शेजारच्या खाटेवरची मुलगी बरी होऊन घरी निघाली होती, तिचा बाप खुशीत सगळ्यांना चॉकलेटं वाटत होता. आत्याने हात मागे घेतला.

"तिला नका देऊ," सासूबाई म्हणाल्या. "आमची मिरची आहे ती. लहानपणी गोडाचा घास गेला की ओकायची, घामाघूम व्हायची, गार पडायची. नखरे नुसते! मार खाल्ला, पण गोड खाल्लं नाही."

"तरी दाढ एक किडली नाही माझी," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाई गुबऱ्याची नाडी बघत होत्या. त्यांचा हात थांबला.

"फळं खाता?"

"छे! वासानेच मळमळतं."

डॉक्टरीणबाईंनी उशाची बाटली उघडली, झाकणाला लागलेलं औषध बोटाने जिभेवर ठेवलं. गोडमिट्ट पाक! त्यांनीच लिहून दिलेल्या बाटल्या. आजवर कधी चाखल्या नव्हत्या. कोण चाखतं?

"सिस्टर, ही सगळी उचला इथून. आत्ताच्या आत्ता."

मग त्यांनी आईला आत बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. असा आजार असतो, फार क्वचित. फळांतली साखर, आपली रोजची साखर यकृताला पचत नाही, विषासारखी भिनते. सलाइनमधली साखर वेगळी, ती चालते. अंगावरचं दूधही चालतं. रक्त तपासून नक्की होईल, पण त्याची वाट बघायची नाही. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी लिहून दिलं."

"तुम्ही लिहून दिलंत," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पण तो थुंकत होता हो. मला सांगत होता. रोज सांगत होता. मी नाक धरून पाजलं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती हुंदके देत राहिली.

रक्ताचं उत्तर आलं, तोच आजार निघाला. डोळ्यांचा पिवळेपणा हळूहळू उतरला. यकृत किती भरून येईल ते आताच सांगता येत नव्हतं, पण झटके थांबले. मऊ भात द्यायला हरकत नाही म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी स्वतःहून वाटी सुनेपुढे केली. "तूच भरव. तुझाच मान आहे. माझं चुकलं बाई."

आई खाटेवर बसली. चमचा उचलला. गुबऱ्याने तिच्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि ओठ गच्च मिटले. अंग लाकडासारखं ताठ झालं. मग त्याने जो टाहो फोडला तो साऱ्या वॉर्डाने ऐकला. "अरे, भात आहे, राजा, नुसता भात," ती म्हणत राहिली. तो मागे मागे सरकत कठड्याला चिकटला.

सासूबाईंनी वाटी घेतली. तो मुसमुसत राहिला, पण आ काही करेना, नजर आईवरून हलेना. तेव्हा आई उठली आणि पडद्यामागे जाऊन उभी राहिली.

जरा वेळाने पलीकडून मचमच ऐकू आली. "अगं, खातोय!" सासूबाई ओरडल्या. "भुकेलेला होता गं! ये ना, बघ तरी!"

"नको," पडद्याला गाल लावून ती हळूच म्हणाली. "खाऊ दे त्याला."