गाजराच्या जागी ऑलिव्ह

आरोग्याचं पान दर बुधवारी दुपारी चारला छपाईला सुटायचं. त्या बुधवारी चारला दहा कमी असताना मी तीन निर्णय घेतले. तिन्ही माझे होते, हे आधीच सांगून टाकतो. नंतर बरेच दिवस मी ते इतरांच्या नावावर वाटून टाकायचा प्रयत्न करत होतो.

लेख होता ऑलिव्ह आणि गाजर यांच्यातल्या पोषणमूल्यांची तुलना करणारा. आमच्या पानावर नेहमी लिहिणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंनी तो लिहिला होता. कुठलं चांगलं आणि कुठलं वाईट, असा निकाल त्यांनी दिला नव्हता. गाजर डोळ्यांसाठी चांगलं आणि त्यात चरबी नसल्यात जमा. ऑलिव्हमध्ये चरबी बरीच, पण हृदयाला मानवणारी. कुणी काय खावं हे ज्याच्या त्याच्या दुखण्यावर अवलंबून आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सोबत दोन रकान्यांचा तक्ता होता, शंभर ग्रॅममागे उष्मांक, चरबी, तंतू आणि सोडियम देणारा.

लेख पानावरच्या जागेपेक्षा अकरा ओळी लांब होता. मी तो शेवटून कापला. बातमीत महत्त्वाचं वर असतं, त्यामुळे लांबलेला मजकूर खालून छाटायची हाताला सवय झालेली असते. बाईंनी मात्र मिठाचा परिच्छेद मुद्दाम शेवटी ठेवला होता. बाटलीतली ऑलिव्ह खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतात, मीठ बंद असलेल्यांनी ती टाळावीत, असं त्यात लिहिलं होतं. माणसाला शेवटचं वाक्य लक्षात राहतं, हा त्यांचा हिशेब.

दुसरा निर्णय, तक्त्याच्या डोक्यावरची ‘गाजर’ आणि ‘ऑलिव्ह’ ही अक्षरं काढली. वर दोघांची छायाचित्रं होती. गाजर ओळखायला अक्षरं कशाला लागतात?

तिसरा निर्णय पट्टीवाल्यांमुळे घ्यावा लागला, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. पट्टीवाले म्हणजे आमची पानं लावणारे सहकारी. सगळं काम पडद्यावर होऊ लागल्याला जमाना झाला, तरी स्टीलची पट्टी त्यांच्या खिशात असतेच. छायाचित्रातल्या माणसाचं तोंड पानाच्या आत हवं, बाहेर नको, हा आमच्याकडचा जुना नियम, आणि पट्टीवाले तो माणसांनाच काय, भाज्यांनाही लावायचे. डावीकडच्या गाजराचं टोक कडेकडे होतं. “गाजर पान सोडून चाललंय,” ते म्हणाले. छायाचित्र उलटवायला आमच्याकडे बंदी होती. एकदा एका शल्यचिकित्सकांचं उलटवलं होतं, तर त्यांचं घड्याळ उजव्या हातात गेलं आणि त्यांनी आठवडाभर संपादकांना सोडलं नव्हतं. म्हणून मी म्हणालो, दोन्ही छायाचित्रांची अदलाबदल करा.

त्यांनी केली. मग विचारलं, “आणि खालचे आकडे?”

मी फोनवर होतो. मी हात वर केला. आमच्या खोलीत हात वर केला की त्याचा अर्थ पान सोडा, असा होतो. त्यांनी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. गाजरात पंधरा ग्रॅम चरबी छापल्याबद्दल तीन ओळखीच्यांनी त्यांना हसून फोन केले होते. “सोडियमवर मात्र कोणी हसलं नाही,” त्या म्हणाल्या, “मला भीती त्याची वाटते.” गाजरात दीड हजार मिलिग्रॅम सोडियम आणि ऑलिव्हमध्ये एकोणसत्तर, असं आम्ही छापलं होतं. खरं ते नेमकं उलट. उद्याच दुरुस्ती छापा, त्याच पानाच्या तोलाच्या जागी छापा आणि त्यात मीठ हा शब्द घाला, असं त्यांनी सांगितलं. मी हो म्हणालो.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापून आली. अकराव्या पानावर, जाहीर नोटिसांच्या खाली. “आहारविषयक लेखातील तक्त्यात तांत्रिक कारणाने स्तंभांचा क्रम बदलला गेला आहे. वाचकांनी नोंद घ्यावी.” त्यात मीठ नव्हतं, ऑलिव्ह नव्हतं, गाजरही नव्हतं. कोणत्या दिवशीचा लेख, तेही नव्हतं. संपादकांनी ती वाचून गुळगुळीत झालीय म्हणून मान डोलावली, आणि मला ती शाबासकी वाटली. बाईंचा पुन्हा फोन आला नाही. पुढच्या आठवड्याचा लेखही आला नाही.

तीन आठवड्यांनी मावशीला इस्पितळात ठेवावं लागलं.

आई गेल्यावर मला वाढवलं ते मावशीने. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, वजनं करायची, तक्ते भिंतीला नीट टांगायचे, यात तिची सत्तावीस वर्षं गेली. छापील तक्त्यावर तिचा जेवढा विश्वास, तेवढा नात्यातल्या कुणावर नव्हता, अपवाद माझा. दोन वर्षांपूर्वी तिचं हृदय थकलं आणि मीठ जवळजवळ बंद झालं. तेव्हापासून ती दिवसाचं मीठ चमच्याने मोजून एका लहान डबीत ठेवायची आणि डबी संपली की संपली.

मी पोहोचलो तेव्हा तिचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजले होते. तीन उशा लावून बसवली होती, आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. डॉक्टर मुलगी वयाने लहान पण कामाला पक्की होती. औषधं वेळेवर घेतली का, पाणी किती प्यायलं, असं विचारत ती खाण्यावर आली. अलीकडे काही नवीन सुरू केलं होतं का?

मावशीने पर्समधून कात्रण काढलं. घडी चारच ठिकाणी होती, कडा कात्रीने सरळ कापलेल्या. तिने गाजर सोडलं होतं आणि रोज दुपारी पंधरा-वीस ऑलिव्ह खायला लागली होती.

डॉक्टरने तक्ता वाचला. हे कुठलं, असं विचारलं.

“हा बसलाय ना, त्याचंच पान,” मावशी धाप लागत असतानाही खुशीत म्हणाली. “माझा भाचा.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून काही येईल म्हणून थांबली असावी. मी पलंगाला लावलेला कागद वाचत होतो, त्यातलं मला काही कळत नव्हतं. मग तिने मावशीला सांगितलं की ऑलिव्ह बंद, अगदी एकही नको, आणि ती पुढच्या पलंगाकडे गेली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा. ऑलिव्ह बंद करायला डॉक्टरने सांगितलं होतं. आता मी काही बोलायची गरज नव्हती.

मावशीने कात्रण पुन्हा घडी घालून पर्समध्ये ठेवलं. ही पोरगी चांगली आहे, पण यांना वाचायला वेळ कुठे असतो, असं ती हळू आवाजात मला सांगू लागली. ऑलिव्ह म्हटलं की खारट, एवढंच यांच्या डोक्यात बसलेलं. आपल्याकडे आकडे आहेत. सूज बहुतेक नव्या गोळीमुळे आली असणार. घरी दीड बाटली शिल्लक आहे, ती आल्या-गेल्याला देऊन संपवू नकोस.

डॉक्टर सांगतात ते ऐक, एवढंच मी म्हणालो. तिने हातानेच ते उडवून लावलं.

“तुला खरं सांगू का बारक्या,” ती म्हणाली, “पहिल्या दिवशी मलाही ती खारट लागली होती. पण दोन वर्षं बिनमिठाचं खाऊन माझी जीभच बिघडली असणार, म्हटलं. पेपर म्हणतो एकोणसत्तर आणि जीभ म्हणते खारट. मी जिभेचं ऐकलं नाही.”

खोलीत सहा पलंग होते. शेजारची बाई आमच्याकडे तोंड करून पडली होती. मी खुर्ची जवळ ओढली.

“मावशी, जीभ बरोबर होती,” मी म्हणालो. “तक्ता चुकीचा होता. आकडे उलटे छापले गेले.”

तिला आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, रकाने बदलले, गाजराचे आकडे ऑलिव्हखाली गेले.

“त्या लिहिणाऱ्या बाईंनी घोटाळा केला?”

या प्रश्नात मला बाहेर पडायला वाट होती. तीन आठवडे मी तिच्याच आसपास उभा होतो.

“नाही. त्यांचं बरोबर होतं. मी केला.”

मग मी सगळं सांगितलं, कापलेल्या अकरा ओळी, काढलेली अक्षरं, वर केलेला हात. ती ऐकत होती तशी ती शाळेतल्या मुलांचं ऐकायची, भांडं कुणी फोडलं हे आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, मग बोलायचं. माझं संपल्यावर तिने काही वेळ श्वास जमवला.

“कळलं कधी तुला?”

“दुसऱ्याच दिवशी. दुरुस्ती छापली होती आम्ही.”

“मला कशी दिसली नाही? मी तुझं पान ओळ न् ओळ वाचते.”

“माझ्या पानावर नव्हती. अकराव्या पानावर होती.” तेवढ्यावर थांबता आलं असतं. “कुणाला दिसू नये अशा बेताने छापली होती.”

रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने विचारलं एवढंच, की मला फोन का नाही केलास? मीठ बंद असलेलं तुझ्या घरात दुसरं कोण आहे?

याचं खरं उत्तर असं होतं की तिला फोन केला असता, तर चूक माझी आहे हे तिला सांगावं लागलं असतं. मी ते सांगितलं. तिने मान वळवून खिडकीकडे केली.

पर्समधून कात्रण काढून तिने माझ्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाली की उद्यापासून डबा सूनबाईला आणू दे.

मी तिथून सरळ कार्यालयात गेलो. दुरुस्ती पुन्हा लिहिली, तारखेसह, दोन्ही आकड्यांसह. मीठ हा शब्द पहिल्या ओळीत घेतला आणि बाईंचा छाटलेला परिच्छेद पूर्ण टाकला. चूक लेखिकेची नसून पान करणाऱ्याची आहे, असं शेवटी लिहिलं. संपादक म्हणाले, आता विसरलेत लोक, कशाला उकरून काढतोस? इस्पितळात कोण आहे ते मी सांगितल्यावर त्यांनी जास्त वाद घातला नाही. ‘चूक’च्या जागी ‘अनवधान’ चालेल का, एवढं विचारलं. मी नाही म्हणालो. बाईंना फोन करून वाचून दाखवली. त्या ऐकून म्हणाल्या की हे तीन आठवड्यांपूर्वी हवं होतं, आणि त्यांनी फोन ठेवला.

दुरुस्ती आरोग्याच्या पानावर सर्वांत वर छापून आली. त्या दिवशी बायको डबा घेऊन गेली ती पेपरही घेऊन गेली. संध्याकाळी परतल्यावर तिने सांगितलं, सूज उतरतेय, रात्री दोनच उशांवर झोपली. दुरुस्ती मावशीने चष्मा लावून दोनदा वाचली.

“काही म्हणाली?”

“आता नीट लिहिलंय, म्हणाली.”

“मी कधी येऊ, ते विचारलंस?”

बायको रिकामा डबा धुवायला घेत होती. “विचारलं,” ती म्हणाली. “उद्याचा डबाही तूच आण, म्हणाली.”