पंचविसाव्या किलोमीटरचं दार

"दार उघडा," कोच मेसेले म्हणाला.

मी कळ ओढली. बसचं दार फुस्स करून उघडलं आणि सेन्डाफाच्या माळावरचा गार वारा आत घुसला. दारापासून हातभर अंतरावर अस्काले धावत होती. तिच्या टाचांमागे मेक्लित, तिच्यामागे बिर्के आणि सगळ्यांत शेवटी गावाकडून नव्यानं आलेल्या दोघी. पंचविसाव्या किलोमीटरचा दगड नुकताच मागे पडला होता.

"अस्काले, झालं तुझं. चढ वर."

तिनं मान वळवली नाही.

"ऐकू येत नाही का? पंचवीस झाले म्हणतोय. गाशे वोर्कू, गाडी अजून जवळ घ्या. तिला चढता येईल अशी."

मी घेतली. वीस वर्षं मी धावण्याच्या क्लबची बस चालवतो; वडीलधारा म्हणून सगळे मला गाशे म्हणतात. धावणाऱ्या पोरींच्या बरोबरीनं गाडी कशी न्यायची, खिडकीतून पाण्याची बाटली कशी द्यायची, हे आता माझ्या हातापायांना विचारायलाही लागत नाही. मी गाडी अशी चिकटवली की तिनं नुसतं पाऊल वाकडं टाकलं असतं तरी ते पायरीवर पडलं असतं. इतकं नेटकं काम मी त्या दिवशी केलं. त्याचीच मला अजून चीड येते.

"गाशे," ती समोर बघतच म्हणाली, "पाणी द्या, आणि दार लावून घ्या. वारा लागेल तुम्हाला."

मी तिची बाटली उचलली. कोचनं ती माझ्या हातातून काढून घेतली. "चढली की बसमध्ये पी म्हणावं."

मागून बिर्केनं आपली बाटली घेतली, दोन घोट प्याली, आणि दोन पावलं जोरात टाकून ती अस्कालेच्या हातात दिली. "उष्टं आहे गं," ती धापा टाकत म्हणाली, "पण मला काही रोग नाही. नवरा सोडला तर."

एवढ्या रागातही अस्कालेच्या खांद्यांतून हसू हललेलं मला दिसलं. ती पाणी प्याली आणि धावत राहिली. मी दार लावलं. पण ते उघडलं होतं, हे तर खरंच.

आमच्याकडे एकट्यानं जेवणाऱ्याला कुणी चांगलं म्हणत नाही. एक मोठं ताट, त्यावर एकच पसरट आंबवलेली भाकरी, इंजेरा, आणि भोवती बसलेल्या सगळ्यांचे हात त्यात. धावणंही तसंच. एकटीनं धावणारी पोर म्हणजे काहीतरी लपवणारी पोर. पाचही जणी एका रांगेत धावतात. पुढची वारा अंगावर घेते, वाट शोधते, वेग धरते. मागची तिच्या पावलावर पाऊल टाकते. मग पुढचीची पाळी संपली की ती बाजूला सरून शेवटी जाते आणि दुसरी पुढे येते. पुढे असणारीची ताकद थोडी थोडी मागच्यांच्या पायांत उतरते, असं आम्ही मानतो. म्हणून पाळी चुकवणं आमच्यात चोरीच समजतात.

मेक्लित दोन वर्षांत एकदाही पुढे झाली नव्हती. "तिचे पाय जपायचेत," कोच म्हणायचा. एकवीस वर्षांची, हरणासारखी पोर. तिचे पाय जपायचे म्हणून तिची पाळी कुणीतरी घ्यायची, आणि ते कुणीतरी नेहमी अस्काले. मंगळवारी निलगिरीच्या रानात, गुरुवारी डांबरी रस्त्यावर, शनिवारी चढावर, स्वतःची पाळी संपली की मेक्लितची.

अस्काले एकतिसाची. गोज्जामच्या एका खेड्यातून आली तेव्हा तिच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या. परदेशातल्या मॅरेथॉनला ती दोनदा जाऊन आली, पण दोन्ही वेळा दुसऱ्यांना वेग लावून द्यायला. त्याला पेसर म्हणतात. तिसाव्या किलोमीटरपर्यंत सगळ्यांत पुढे पळायचं, मग रस्ता सोडून कडेला उभं राहायचं. एकदा तिनं मला विचारलं होतं, "गाशे, तिसाच्या पुढं काय असतं हो?"

"काय असणार? रस्ताच असेल."

"तुम्हाला काय माहीत," ती म्हणाली. "मी दोनदा गेले, मला नाही माहीत."

आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, सप्टेंबरात, पिवळ्या फुलांनी माळ भरला होता तेव्हा, कोचनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं: यंदा क्लबची पस्तीस किलोमीटरची चाचणी जी जिंकेल, तीच वसंतात परदेशी मॅरेथॉनला जाईल. मग अस्कालेकडे बघून म्हणाला होता, "तू धरून, अस्काले." त्या दिवसापासून ती बदलली. पूर्वी सरावानंतर बसमध्ये चढली की डोळे मिटायची. आता खिडकीत बसून दगडांवरचे आकडे वाचायची. चार महिने ती अशी धावली की बिर्के म्हणायची, "ही बाई मरणार आणि आम्हाला हिच्या वेगानं तिरडी न्यायला लागणार."

आणि चाचणीच्या सकाळी, पोरी बूट बांधत असताना, कोच तिच्याशेजारी उकिडवा बसला. मी आरसा पुसत होतो. मला सगळं ऐकू आलं.

"पंचवीसपर्यंत तू ओढ. मग बसमध्ये चढ. मेक्लितची वेळ चांगली लागली तर तिकडचे मॅरेथॉनवाले तिला हसत घेतील."

"आणि मी?"

"तुझं पुढच्या वर्षी बघू."

"मागच्या वर्षी जे पुढचं वर्ष म्हणाला होतात," अस्काले नाडीची गाठ मारत म्हणाली, "ते हेच ना?"

कोच उठून गेला. वाईट माणूस नाही तो, असं लोक म्हणतात. मीही पुष्कळ वर्षं म्हणत होतो.

तर पंचवीसला ती चढली नाही. सव्वीस गेला, सत्तावीस गेला. अठ्ठावीसच्या दगडापाशी ती सरावात सरते तशी, अगदी रीतीप्रमाणे, डावीकडे सरली आणि मेक्लितला हातानं पुढची जागा दाखवली.

"ये. तुझी पाळी."

मेक्लित पुढे आली. तिच्यापुढे पहिल्यांदाच कुणाची पाठ नव्हती. नुसता रस्ता होता आणि वारा. दोनशे पावलांत तिनं तीनदा घड्याळ बघितलं. मान आखडली, खांदे वर चढले. बस मागे होती तरी तिचा श्वास मला ऐकू येईल असं वाटत होतं. अस्काले तिच्यामागे एक किलोमीटर राहिली. अगदी एकच, या दगडापासून त्या दगडापर्यंत. जेवढी पाळी असते तेवढीच. त्यानंतर ती तिच्या बाजूनं पुढे निघाली आणि पुढचे सहा किलोमीटर एकटी धावली.

आमची पोर एकटी धावताना मी पहिल्यांदा बघितली. बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. चेहरा लाकडासारखा. चढावरून गाढवं हाकत येणारा एक म्हातारा रस्त्याच्या कडेला थांबला आणि त्यानं टोपी काढून तिला हाक दिली, "धीर धर, पोरी, धीर धर." पस्तीसच्या दगडाशी ती सगळ्यांच्या पुढे पोचली. मी मनात आकडे मोजत होतो. मेक्लित चाळीस सेकंदांनी आली.

कोचनं स्टॉपवॉच मेक्लित आल्यावर दाबलं.

अस्कालेनं ते बघितलं. गुडघ्यांवर हात टेकून, खाली वाकलेली, तशीच मान वर करून बघितलं. रस्त्याच्या कडेला जाऊन ती ओकली, मग पदरासारखी शाल डोक्यावरून घेऊन दगडावर बसली.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरीनं मला कचेरीत बोलावलं. अस्काले भिंतीशी उभी होती, कोच खुर्चीत. अस्कालेनं तक्रार केली होती. क्लबमधल्या सहा वर्षांतली पहिली.

"वोर्कू," सेक्रेटरी म्हणाले, "ही बसमध्ये बसली होती का?"

"नाही साहेब. एक पाऊलसुद्धा नाही. पस्तीसच्या पस्तीस किलोमीटर स्वतःच्या पायांनी धावली. आणि पहिली आली."

"पण दार उघडलं होतं?"

मी कोचकडे बघितलं. तो नखं बघत होता.

"उघडलं होतं. कोचनी सांगितलं म्हणून."

"किती वेळ?"

"असेल मिनिटभर. पण ती..."

"म्हणजे पेसर म्हणून तिचं काम पंचवीसला संपलं, आणि गाडी तिला घ्यायला तयार होती." ते लिहीत होते. "पुढं ती आपल्या मनानं धावली. चाचणीत धरता येणार नाही. तुम्ही खोटं काही बोलला नाहीत, वोर्कू. सही करा इथं."

"साहेब, दार मी उघडलं. तिनं नाही."

"तेच लिहिलंय."

खरंच तेच लिहिलं होतं. मी तीनदा वाचलं. एक अक्षर खोटं नव्हतं. मी सही केली. साठीला आलेला माणूस, नातवंडं असलेला, आणि मला वाटलं ते लेखणीचं टोक टेबलात खुपसावं.

बाहेर आल्यावर अस्काले म्हणाली, "तुम्ही नसतं उघडलं तर त्यांनी दुसरं काहीतरी काढलं असतं." माझी समजूत काढत होती ती. माझी. त्यानं तर मी अजूनच पेटलो.

देवळाचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपास चालू होता. रविवारी मी तिला एन्तोतोच्या डोंगरावर देवळात घेऊन गेलो. आमचे मेरिगेता, म्हणजे देवळातले गाणारे गुरुजी, म्हातारे आहेत, डोळे गेलेत, पण ढोल मांडीशी घेऊन ते प्रवचन गायला लागले की पायऱ्यांवरचे भिकारीसुद्धा हात पुढे करायचे थांबतात. एक ओळ बोलतात, दुसरी गातात, तिसरीला बायका टाळ्यांनी साथ देतात. मी पंचवीस वर्षं ऐकतोय, अजून माझं पोट भरलं नाही. त्या दिवशी त्यांनी कुरेनेच्या सिमोनाचं आख्यान लावलं होतं. आपल्याच खंडातला माणूस. शेतावरून घरी चालला होता, शिपायांनी धरला आणि दुसऱ्याचा, आपल्या प्रभूचा, क्रूस त्याच्या खांद्यावर दिला.

"त्याला कुणी विचारलं का?" मेरिगेता गात होते. "विचारलं नाही. धरला आणि जुंपला."

बायका डोळे पुसत होत्या. अस्कालेचे डोळे कोरडे होते. प्रवचन संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत थेट त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"अब्बा, तो सिमोन टेकडीवर पोचल्यावर काय झालं?"

"क्रूस खाली ठेवला त्यानं."

"मग?"

"मग पुढं त्याचं काही लिहिलेलं नाही, पोरी."

"बघा," ती म्हणाली. "ओझं वाहीपर्यंत त्याचं नाव. खाली ठेवलं की कुणी विचारत नाही कुठं गेला. त्याला राग आला नसेल का हो?"

मी मनात म्हटलं, आता ते क्षमेचं सांगणार. मेरिगेतांनी ढोलावर तळवा फिरवला.

"आला असेल. का नाही येणार? शेतावर राबून आलेला माणूस. भूक लागली असेल. मी त्याच्या जागी असतो तर शिव्या दिल्या असत्या." मग म्हणाले, "तू पण दे. पण उपास मोडू नकोस. रिकाम्या पोटी राग स्वच्छ राहतो."

अस्कालेनं त्यांच्या हातातल्या क्रूसाचं चुंबन घेतलं. परतीच्या वाटेवर, बस उतारावर असताना, तिनं कोचला गोज्जामकडच्या अशा अशा शिव्या घातल्या की मला तीन वळणं नीट घेता आली नाहीत.

मंगळवारी पोरींना रानाच्या तोंडाशी उतरवलं. निलगिरीच्या खोडांमधून धुकं अजून उठलेलं नव्हतं. मॅरेथॉनसाठी मेक्लितचं नाव त्या सकाळीच फलकावर लागलं होतं. ती शालीत तोंड खुपसून उभी होती.

"चला," कोच म्हणाला. "सत्तर मिनिटं. सावकाश. अस्काले, पुढं हो."

अस्काले नाडी बांधून उठली. रांगेच्या बाजूनं चालत गेली आणि शेवटी, मेक्लितच्या मागे, जाऊन उभी राहिली.

"अस्काले."

ती निलगिरीच्या शेंड्यांकडे बघत राहिली.

"बरं. बिर्के, तू हो मग."

रांगेत पहिली बिर्केच होती. तिनं कोचकडे बघितलं, नाक शिंकरलं, शांतपणे चालत मागे गेली आणि अस्कालेच्या पाठीमागे उभी राहिली. "माझे पाय जपायचेत," ती म्हणाली. मग नव्या दोघींतली एक गेली. दुसरी जरा घुटमळली, कोचच्या तोंडाकडे बघून घाबरली, पण गेली. रांग नुसती मागे मागे सरली, आणि मेक्लित काही न करता सगळ्यांत पुढे आली. तिच्यासमोर रान होतं.

कोच काहीतरी बोलला. कुणी ऐकलं नाही.

मेक्लितनं मागे वळून बघितलं. ओठ निळे पडले होते. "मला वाट माहीत नाही," ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, आता अस्काले बोलणार. चार महिन्यांचं, सहा वर्षांचं, सगळं तिच्या तोंडावर फेकणार. कुणी तिला अडवलं नसतं. मीही नाही.

"मलाही नव्हती," अस्काले म्हणाली. "चल."

मेक्लित निघाली. अवघडत, खोडांना हात लावत. पहिल्याच वळणाला तिनं चुकीची बाजू धरली आणि सगळ्यांना काटेरी झुडपांत नेलं. तिथून उतरताना एका ओघळीत पाय घसरला, गुडघा फुटला. पाचही जणी ओघळीत उतरल्या. कुणी हसलं नाही, कुणी वाट सांगितली नाही. ती उठली, बाही ओढून गुडघा पुसला आणि पलीकडचा चढ चढायला लागली.

बसच्या खिडकीतून मला तेवढंच दिसत होतं. मेक्लितचं पाऊल जिथं पडत होतं, ओल्या पानांवर, मुळांवर, कुठंही, अगदी तिथंच मागोमाग अस्कालेचं पाऊल पडत होतं. चढावर धुकं दाट होतं. त्यात शिरण्याआधी क्षणभर अस्कालेचा चेहरा माझ्याकडे वळला. त्यावरचा राग तसूभर कमी झालेला नव्हता.