पडलेलं धनुष्य

"मान सरळ ठेव. एकवीस वर्षं सांगतोय, अजून तुला धड बसता येत नाही."

तोकोजुन म्हाताऱ्याने कंगव्याला सुगंधी मेण लावलं आणि ओकिनामीचे केस मागे ओढले. सुमोच्या तालमीतल्या पैलवानांचे केस बांधण्यात त्याची हयात गेली होती. ओकिनामीने मान सरळ केली, पण उजवा पाय लांबच ठेवला. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

सकाळी त्याची शेवटची कुस्ती झाली. अकरा वाजता, रिकाम्या खुर्च्यांसमोर. समोरच्या एकोणीस वर्षांच्या पोराने धडक दिली, चपळाईने बाजूला सरला आणि ओकिनामीचा तळहात मातीला लागला. तळपाय सोडून अंगाचं काहीही मातीला लागलं की संपलं. सहा सेकंदांत एकवीस वर्षं आटोपली. टाळ्या दोनच म्हाताऱ्यांनी वाजवल्या, त्याही बहुधा हात गारठले होते म्हणून.

पण त्याचा दिवस संपला नव्हता. सगळ्या कुस्त्या झाल्या की शेवटच्या विजेत्याच्या वतीने एक जण आखाड्यात धनुष्य फिरवतो. गेली अकरा वर्षं तो एक जण म्हणजे ओकिनामी. तेवढ्यापुरता त्याला मोठ्या पैलवानांसारखा पंख्यासारखा पसरलेला अंबाडा मिळायचा, नक्षीचा जड पट्टा मिळायचा. मिरवायचं, आणि दहा मिनिटांत सगळं उतरवून ठेवायचं. उद्या, स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी, धनुष्य नव्या माणसाच्या हाती जाणार होतं.

वस्ताद आत आले. त्यांनी आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"आजच देऊन टाक की रे त्याला. तयार बसलाय तो."

"आजचा दिवस माझा आहे, वस्ताद."

"आणि धनुष्य पडलं तर?"

"अकरा वर्षांत पडलं नाही."

"मी काय विचारतोय? पडलं तर?"

"पायाने उचलीन."

"कुठल्या पायाने? ह्या?" वस्तादांनी काठीचं टोक त्याच्या गुडघ्याजवळ नेलं. तोकोजुन खोकल्याच्या निमित्ताने हसला.

पडलेल्या धनुष्याला हात लावायचा नाही, हा जुना दंडक. वाकून हात खाली नेला म्हणजे आखाड्यात हरल्यासारखंच. पायाच्या पंजावर घेऊन वर उडवायचं आणि हवेत झेलायचं. धडधाकट माणसाचीही फजिती व्हावी असं काम.

"आई बघते हो," ओकिनामी हळूच म्हणाला. "तिला सांगितलंय, आज शेवटचं."

वस्ताद जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

पंचवीस वर्षांचा असताना ओकिनामी बढतीच्या उंबरठ्यावर उभा होता. आणखी एक स्पर्धा चांगली गेली असती तर पगार, स्वतंत्र खोली, सेवेला दोन पोरं. त्याच सुमारास त्यांच्याच तालमीतला मिनेहोशी योकोझुना झाला. याहून वरची पदवी सुमोत नाही. रिवाज असा की धनुष्य फिरवणारा योकोझुनाच्या तालमीतलाच हवा. वस्तादांनी विचारलं. पैलवानांत तर पक्कं ठरलेलं, धनुष्य हातात घेतलं की बढती संपली. पोरवयात मार खाऊन रडणाऱ्या मिनेहोशीला ज्याने भात भरवला, तो नाही म्हणणार कसा? आणि खोटं कशाला बोला, त्याला मोह पडला होता. सकाळी त्याच्या कुस्तीला कुत्रं फिरकत नसे, संध्याकाळी दहा हजार माणसं त्याच्याकडे बघणार होती.

वडील उत्तरेकडचे कोळी. फोनवर तडकले, "दुसऱ्याने जिंकलेलं धनुष्य नाचवायला पाठवलं होतं होय तुला?" त्यानंतर बापलेक बोलले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात वडील गेले. बढती आली नाही, ती नाहीच. धनुष्यामुळे की गुडघ्यामुळे की अंगातच तेवढं नव्हतं, देव जाणे. आई मात्र रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची. कुस्त्या लवकर संपल्या तर तेइजी दिसायचा. तेइजी हे त्याचं घरचं नाव. लांबल्या तर सहाच्या ठोक्याला बातम्या लागायच्या.

आज संध्याकाळी मिनेहोशीची कुस्ती सगळ्यांत शेवटी होती. त्याने ती जिंकली, पण फार लांबली. पंचाच्या हातून धनुष्य घेताना ओकिनामीने वरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला एक मिनिट होतं.

पहिले फेरे छान गेले. लोक दर फेऱ्याला ओरडत होते. मग वळताना सगळा भार उजव्या पायावर आला, कळ थेट मस्तकात गेली आणि बोटं सुटली. धनुष्य मातीवर पडलं.

आधी कुणीतरी हसलं. मग दहा हजार माणसं गप्प झाली.

ओकिनामीने सवयीप्रमाणे उजवा पाय धनुष्याखाली घातला. गुडघ्याने झटका द्यायलाच नकार दिला. धनुष्य वीतभर उठलं आणि पुन्हा पडलं. आखाड्याखाली वस्ताद उभे होते. त्यांनी मान खाली घातली. ओकिनामीला भयंकर लाज वाटली. वाकावं, उचलावं, निघून जावं. कोण बोलणार होतं? सकाळी लागलाच होता की हात मातीला.

तो वाकला नाही. उजव्या पायावर उभा राहिला, त्या फुटक्या गुडघ्यावर, सगळ्या एकशे चाळीस किलोंनिशी. डोळ्यांपुढे अंधारी आली. डाव्या पंजावर धनुष्य तोललं आणि उडवलं. ते छातीपर्यंत आलं. त्याने झेललं.

लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. त्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही. राहिलेलं सगळं त्याने पुरं केलं, दोन्ही पाय आपटायचेसुद्धा, आणि लंगडत खाली उतरला.

आत तोकोजुनने अंबाडा सोडला. पट्टा घडी करून ठेवल्यावर ओकिनामीने घरी फोन लावला. सात वाजून गेले होते.

"झालं, आई."

"दिसलं नाही रे. पंच तुला धनुष्य देत होता, तेवढं दिसलं आणि बातम्या लागल्या." मग घाबरत तिने विचारलं, "नीट झालं ना?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"पडलं, आई."



"मग? हात लावलास?"

"नाही. पायाने उचललं. दुखऱ्या पायावर उभं राहून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तुझे बाबा हवे होते," ती म्हणाली. "परत दाखवतील म्हणून बसले होते मी. म्हटलं, शेवटचं आहे, दाखवतील थोडं तरी."

"किती वेळ बसलीस?"

"अजून बसलेच आहे."

तिच्यामागे टीव्हीवर कुणीतरी उद्याच्या हवामानाचा अंदाज सांगत होतं. उत्तरेला बर्फ पडणार होतं.

"बंद कर आता, आई," तो म्हणाला. "आणि जेवून घे. मी परवा येतोय."