मोरीवर पडलेला मॉरिशसचा तवा

मी एक जुना लोखंडी तवा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट जेवताना वाचू नका. तिच्यात मोरी आहे, घूस आहे, ओकारीही आहे. ज्यांनी मला पाहून नाकाला पदर लावला, त्यांची मला किती शिसारी आली तेही मी सांगणार आहे. झाकून ठेवण्याचं काम मी पुष्कळ केलं, आता नको.

मी आज कोल्हापुरात आहे, पण माझा जन्म इथला नाही. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं बेट आहे. तिथल्या एका साखर कारखान्याचा बॉयलर मोडीत निघाला, तेव्हा कारखान्यातल्या लोहाराने त्याचा जाड पत्रा गोल कापला, कडा ठोकून उचलली आणि मला घडवलं. तो लोहार मराठीच. त्याचे पणजोबा उसाच्या मळ्यात राबायला जहाजातून तिकडे गेले आणि तिथलेच झाले.

त्याची बायको माझ्यावर दालपुऱ्या भाजायची. हरभऱ्याची डाळ शिजवायची, वाटायची, हळद, जिरं, मीठ घालून मैद्याच्या उंड्यात भरायची आणि कागदासारखी पातळ लाटायची. तुम्ही म्हणाल, ही तर पुरणपोळीच. तिची नातलग खरी, पण गुळाशी ओळख नसलेली. आत काय गुंडाळायचं ते शेजारीपाजारी ठरवत. पलीकडच्या क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, बाईने टोमॅटोची रुगाय, म्हणजे झणझणीत दाट रस्सा, शिकवला. तिच्यात ओव्यासारख्या वासाचा एक पाला पडे, तो फ्रेंच लोकांनी आणलेला. मागच्या तमिळ घरातून मोहरी-हळद लावलेलं लोणचं येई. कोपऱ्यावरचा चिनी दुकानदार सणाला सोयाच्या काळ्या पाण्याची बाटली पाठवी. खारवलेला मासा माझ्यावर खरपूस भाजला, की गल्लीतली पोरं ताट घेऊन उभी राहत. वासाला नाक मुरडणं मी तिथं पाहिलंच नव्हतं.

लोहाराची मुलगी मालिनी. १९९३ साली ती शिष्यवृत्ती घेऊन मराठीचं एम. ए. करायला कोल्हापूरला आली. वर्गातल्या अमरसिंहाशी तिचं जमलं, आणि १९९५ साली लग्न झालं. लेकीला आईने दागिना दिला तो थोडाच. मला मात्र दोन साड्यांत गुंडाळून विमानाने पाठवलं, सोबत खारवलेल्या माशाचं पुडकं.

सासर कोल्हापुरातच, गंगावेशीजवळ. सासरे गणपतराव, त्यांच्या चार म्हशी आणि दुधाचा रतीब. सासूबाई बनाबाई, सगळ्या गल्लीत पुरणपोळीसाठी नावाजलेल्या. सासूला मालिनी ‘आत्ती’ म्हणायची. अमरसिंहाची बहीण संयोगिता तेव्हा माहेरपणाला आलेली. मालिनीने हौसेने पहाटे डाळ शिजवली आणि दुपारी सगळ्यांना दालपुरी वाढली. बरोबर खाऱ्या माशाची रुगाय.

गणपतरावांनी मोठा घास घेतला. गोड लागेल म्हणून तोंड तयार होतं त्यांचं. त्यांनी घास तसाच ताटात काढला.

“पुरणात मीठ? ह्ये कुणी शिकिवलं हिला?”

“मामा, आमच्याकडे असंच असतं,” मालिनी पुस्तकी मराठीत म्हणाली.

संयोगिता पदरात तोंड घालून हसत सुटली. बनाबाईंनी तर माशाचा वास घेताच मोरी गाठली आणि पोटातलं सगळं बाहेर काढलं. “गटार फुटल्यागत वास सुटलाय घरात,” त्या तोंड पुसत म्हणाल्या. “त्या तव्यावर आणि काय काय भाजलंय कुणाला दक्कल.” अमरसिंह खाली मान घालून भात कालवत राहिला. त्याचीही किळस मला तेव्हापासूनच.

दुसऱ्या दिवशी मालिनी विद्यापीठात गेली होती. मोरीच्या भोकातून घूस वर यायची, म्हणून बनाबाई झाकण शोधत होत्या. त्यांनी मला सांडशीने उचललं, जणू मेलेला उंदीर उचलावा, आणि त्या भोकावर ठेवलं.

मित्रांनो, मी तिथे आठ वर्षं होतो.

माझ्यावर खरकटं पडायचं, साबणाचं पाणी साचायचं, केसांचे पुंजके चिकटायचे. खालून घूस नखांनी खरवडायची. शेवाळ चढलं, मग गंज आला, मग गंजावर आणखी शेवाळ. दर रविवारी याच घरात बोकडाची मुंडी भाजली जायची, जळक्या केसांचा धूर माडीपर्यंत जायचा. रक्ती, म्हणजे बोकडाचं गोठलेलं रक्त, धुतलेलं लाल पाणी माझ्याच अंगावरून खाली जायचं. मग आत मिटक्यांचे आवाज. रक्ती खा, माझं काही म्हणणं नाही. ज्याची त्याची आवड. पण ती खाणाऱ्या तोंडाने भाजलेल्या माशाला गटार म्हणावं, याची मला खरी शिसारी यायची.

आणि मालिनी? पहिल्या संध्याकाळी ती मोरीशी आली, मला ओळखलं, आणि हात धुऊन निघून गेली. मला वाटलं, उद्या उचलेल. तिने उचललं नाही. ती तांबडा-पांढरा रस्सा करायला शिकली, झुणका शिकली, ‘न्हाय’ आणि ‘व्हय’ शिकली. आठ वर्षांत माहेरचा एक पदार्थ तिने केला नाही. मुलगी झाली, रूपाली. तिला बेटाचं नाव पाठ होतं, चव ठाऊक नव्हती. मालिनी रोज माझ्यावरच पाय धुवायची. त्या सगळ्या घरात सर्वांत जास्त राग मला तिचाच यायचा.

२००३ साली संयोगिता दुपारची माहेरी आली. तिने आणि तिच्या नवऱ्याने हायवेला मोठं हॉटेल काढलं होतं.

“वहिनी, आम्ही मॉरिशस महोत्सव करतोय. आठवडाभर. तुमच्याकडचे पदार्थ लिहून द्या की. आणि तो तवा हाय न्हवं अजून?”

मालिनीचा चेहरा उजळलेला मी मोरीतून पाहिला. तिने तीन रात्री बसून, आठवून आठवून वहीभर लिहिलं. मला हॉटेलच्या माणसाने पहारीने उचकटून काढलं. बाहेरच्या उजेडाने मी सुखावलो. फार लवकर सुखावलो. त्यांनी मला घासलं नाही, मोरीचा थर तसाच ठेवून त्यावर काळा ऑइलपेंट फासला. वर पांढऱ्या रंगाने नारळाचं झाड काढलं आणि हॉटेलच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं.

महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी मालिनी, बनाबाई आणि रूपाली जेवायला आल्या. मालिनीला पुढच्या खुर्चीवर बसवून गळ्यात कागदी फुलांची माळ घातली. जेवण आलं. दालपुरी म्हणून मैद्याची वातड रोटी, आत पनीर. रुगाय म्हणून टोमॅटो सॉसमध्ये कांदा-लसूण मसाला आणि लाल रंग. सगळ्यावर अननसाच्या फोडी. खालून माझ्यापर्यंत जो वास आला, त्याने मला मोरी बरी वाटली. मोरी निदान मोरीच असते.

मालिनीने एक घास खाल्ला. “वन्सं, वही वाचली न्हाय तुम्ही?”

“वाचली की. पण लोकांना असलं न्हाय चालत, वहिनी. आणि खारा मासा ठेवला तर गिऱ्हाईक पळून जाईल. नाव मॉरिशसचं असलं की झालं.”

मालिनी उठली. माळ काढून ताटाशेजारी ठेवली. खुर्ची भिंतीला लावली, तिच्यावर चढली आणि मला खाली घेतलं.

“अगं, सजावट हाय ती,” संयोगिता म्हणाली.

“तवा हाय. माझ्या बाबांनी केलेला.”

रिक्षात मी तिच्या मांडीवर होतो. तिची साडी रंगाने काळी झाली. बनाबाई शेजारी पदर नाकाशी धरून बसल्या. “मोरीवरचं झाकण मांडीवर घेतीस?” त्या म्हणाल्या.

“आत्ती, झाकण तुम्ही केलं. मी गप बसले, त्ये चुकलं.”



दुसऱ्या सकाळी गोठ्यामागे मालिनीने गोवऱ्या रचून मला त्यात पुरलं आणि काडी लावली. रंग फुगला, फुटला, घाण वास सुटला. आठ वर्षांची मोरी माझ्यातून जळत होती आणि माझीच मला किळस येत होती. रूपाली “ई” करून लांब पळाली. मी लाल झालो, निवलो. मग मालिनीने विटेच्या भुकटीने मला दुपारपर्यंत घासलं. तिच्या बोटांची सालं निघाली. तेल लावून पुन्हा तापवलं, पुन्हा लावलं.

संध्याकाळी तिने रुगाय शिजवली आणि दालपुरी लाटायला घेतली. पण हाताची सवय गेली होती. पहिली पुरी फुटली, दुसरीही. डाळ माझ्यावर जळून धूर झाला. बनाबाई दारात उभ्या होत्या, अर्थात पदर नाकाशी. तिसरी फुटली, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“पुरण सैल झालंय. आणि कड जाड ठेवतीस. सरक तिकडं.”

त्यांनी पदर खोचला आणि पोळपाट ओढला. चौथी पुरी माझ्यावर पडली ती गोल, पातळ, आतली डाळ बाहेरून दिसावी अशी. टम्म फुगली. इतकी चांगली दालपुरी माझ्यावर बेटावरही भाजली गेली नव्हती; हे कबूल करताना मला आजही जड जातं. रूपालीने रुगाय लावून तीन खाल्ल्या. मालिनी माझ्यासमोर उकिडवी बसून, तोंड भिंतीकडे करून खात होती.

बनाबाईंनी आपल्या पुरीवर कटाची आमटी ओतली. वर गुळाचा खडा कुस्करला. खाऱ्या पुरणावर गूळ. मला अक्षरशः शिसारी आली. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग म्हणाल्या, “एवढं काय वाईट न्हाय,” आणि आणखी एक लाटायला घेतली. माझी शिसारी मी गिळली.

आता मी चुलीशेजारच्या फळीवर असतो. मित्रांनो, मागणं एवढंच. तुमच्या घरी लांबून कुणी राहायला आलं आणि सोबत आपलं भांडं घेऊन आलं, तर त्याला स्वयंपाकघरात जागा द्या. त्यातलं नाही आवडलं तर नको म्हणा. भांड्याला त्याचं वाईट वाटत नाही. पण ते बाहेर टाकू नका, आणि भिंतीवरही टांगू नका. आणि आठवड्यातून एकदा तेलाचा हात फिरवा. लोखंड आहे, गंज चढायला वेळ लागत नाही.